नाव कुणाची? : नदीकाठच्या धर्मादाय चित्रांविषयी

मी कोणत्याही विद्यापीठाचा संशोधक नाही. नोकरी सांभाळून, रद्दीच्या दुकानांतून आणि जुन्या ग्रंथालयांतून जे हाती लागलं ते जपत गेलो, एवढंच. गेल्या वीसेक वर्षांत माझ्याकडे स्वयंसेवी संस्थांची कॅलेंडरं, वार्षिक अहवाल, भेटकार्डं आणि माहितीपटांच्या सीड्या यांचा एक पेटारा साठला आहे. त्यातला मोठा वाटा बांगलादेशातल्या नद्यांचा : पद्मा, मेघना आणि तिथे जमुना म्हणून ओळखला जाणारा ब्रह्मपुत्रेचा प्रवाह.

काही वर्षांपूर्वी यातली वीस छायाचित्रं मोठी करून मी आमच्या गावच्या वाचनालयात मांडली. नाव दिलं 'नदीची लेकरं'. लोक आले, हळहळले, कौतुक करून गेले. कोकणातून मुलाकडे राहायला आलेले एक वृद्ध गृहस्थ मात्र एकाच चित्रापुढे बराच वेळ उभे होते. उमेदीची वर्षं त्यांनी फतेमारीवर तांडेल म्हणून काढलेली. चित्रात ठिगळांचं मोठं चौकोनी शीड, मावळता सूर्य आणि नावाड्याची पाठमोरी आकृती. म्हणाले, "भाऊ, या शिडात वारा नाही. नुसतं टांगलंय." मग थोडं थांबून विचारलं, "आणि नाव कुणाची? याची स्वतःची, की शेठची?"

मला दोन्हींचं उत्तर देता आलं नाही. हा लेख त्या दोन प्रश्नांतून निघाला आहे.

आधी शिडाचा प्रश्न घेऊ. बांगलादेशच्या नद्यांवरून शिडं उतरली ती १९८०च्या दशकापासून. शेतीला पाणी देणाऱ्या पंपांची स्वस्त डिझेल इंजिनं देशात मोठ्या संख्येनं आली, आणि लोकांनी ती काढून नावांवर बसवली. कोणत्याही सरकारी योजनेशिवाय झालेलं हे यांत्रिकीकरण. इंजिनाच्या आवाजावरून या नावांना 'भटभटी' असं नाव पडलं. प्रवाहाविरुद्ध दोरीनं नाव ओढत काठानं चालणाऱ्या माणसांची त्या कामातून सुटका झाली. धर्मादाय चित्रांत मात्र शीड उतरलंच नाही. माझ्या पेटाऱ्यातल्या, इंजिन आल्यानंतरच्या चित्रांतही शिडंच अधिक आहेत, भटभटी जवळजवळ नाही. ज्या यंत्रानं नावाड्याच्या पाठीवरचा भार हलका केला, तेच चित्राच्या चौकटीबाहेर राहिलं.

ही खोड जुनी आहे. रॉबर्ट फ्लाहर्टीच्या 'मॅन ऑफ अरान' (१९३४) या गाजलेल्या चित्रपटात आयर्लंडजवळच्या बेटांवरचे कोळी होडीतून भाल्यानं शार्क मारताना दिसतात. ती शिकार तिथे कित्येक दशकांपूर्वीच थांबली होती. चित्रपटासाठी बेटकऱ्यांना ती नव्यानं शिकवावी लागली. पडद्यावरचं कुटुंबही खरं कुटुंब नव्हतं. फ्लाहर्टीनं निदान तिकिटं विकली. आमची कॅलेंडरं देणगी मागतात, म्हणून त्यांच्याकडून खरेपणाची अपेक्षा जास्त धरायला हवी.

आता नाव बांधणीकडे येऊ. बंगालमधल्या अनेक पारंपरिक नावांची रीत अशी की आधी सांगाडा उभारून त्यावर फळ्या ठोकत नाहीत. फळीला फळी कडेनं भिडवून आधी नावेचं कवच तयार करतात, आतल्या आडव्या फासळ्या नंतर बसतात. दोन फळ्यांचा सांधा 'पाताम' नावाच्या चपट्या लोखंडी पट्ट्यांनी आवळतात. कागद शिवताना मारलेल्या पिनांसारख्या त्या ओळीनं बसलेल्या असतात. कागदावरचा नकाशा नसतो. माप मिस्त्रीच्या डोळ्यात आणि हातात. ही विद्या समजायची तर सांधा दिसायला हवा. पण चित्रांत दिसतात ते मिस्त्रीचे सुरकुतलेले हात, उडणारा भुसा, कपाळावरचा घाम. कौशल्याचा गौरव आहे, कौशल्य मात्र नाही. माहितीपटांत निवेदक 'पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा' म्हणतो आणि कॅमेरा सूर्यास्ताकडे वळतो. लाकूड कुठून आलं, उधारीवर आलं का, मिस्त्रीला रोज काय मिळतो, हे कुणी विचारत नाही.

इथे तांडेलांचा दुसरा प्रश्न येतो. माणिक बंद्योपाध्याय यांच्या 'पद्मा नदीर माझी' या १९३६च्या कादंबरीतला कुबेर रात्रभर हिलसा पकडतो, पण नाव धनंजयची, म्हणून मासळीचा निम्मा वाटा धनंजयचा. या कादंबरीच्या आधारे ए. जे. कारदार यांनी 'जागो हुआ सवेरा' (१९५९) हा चित्रपट केला, लेखन फैज अहमद फैज यांचं. मेघनेकाठी चित्रित झालेल्या या चित्रपटात कोळ्यांची सगळी धडपड स्वतःची नाव घेण्याची आहे आणि वाटेत सावकार उभा आहे. वॉल्टर लॅसली यांचा कॅमेरा नदीचं सौंदर्य कुठेही लपवत नाही. पण त्या सुंदर नावेकडे पाहताना तिची किंमत आपल्या डोक्यातून जात नाही.

ऋत्विक घटक यांचा 'तिताश एकटि नदीर नाम' (१९७३) ज्या कादंबरीवर आधारलेला आहे, तिचे लेखक अद्वैत मल्लबर्मन स्वतः मालो या कोळी समाजातले. कादंबरी पुस्तकरूपानं आली तेव्हा ते हयात नव्हते. त्यांच्या गोष्टीत नदी आटते, चर वर येतो, जमिनीवरून झगडा होतो आणि मालो पांगतात. मालोंवर दुःख आहे, पण ते दयेचे विषय नाहीत. ती भांडणारी, चुकणारी, गाणारी माणसं आहेत. धर्मादाय चित्रात माणूस एक तर सोसतो, नाहीतर हसतो.

हसण्याची ही सक्तीही अलीकडची. १९८४च्या इथिओपियातल्या दुष्काळाची चित्रं जगभर फिरली, त्यावर टीका झाली, आणि १९८९ साली युरोपातल्या स्वयंसेवी संस्थांनी अशा प्रतिमांसाठी आचारसंहिता स्वीकारली. त्याच वर्षी ढाक्यात छायाचित्रकार शाहिदुल आलम यांनी 'दृक' ही संस्था काढली. 'तिसरं जग' या शब्दाऐवजी 'बहुसंख्यांचं जग' म्हणा आणि आमची चित्रं आम्हाला काढू द्या, हा त्यांचा आग्रह. आचारसंहितेनं रडणारं मूल हटवलं, हसणारं मूल आणलं. नावेचा मालक कोण, हे दोन्ही चित्रांत कळत नाही.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेखही एकांगी कॅलेंडर होईल. ईव्ह मार नावाच्या फ्रेंच माणसानं १९९४ साली एक बार्ज फ्रान्सहून बांगलादेशात आणली. पुढे रूना खान यांच्या 'फ्रेंडशिप' या संस्थेनं तिचं तरंगतं रुग्णालय केलं. जमुनेतले चर पुरात वाहून जातात, दुसरीकडे वर येतात. तिथे पक्की इमारत टिकत नाही, म्हणून दवाखानाच तरंगता. त्याच संस्थेनं जुन्या नावांच्या प्रतिकृती मिस्त्रींकडून घडवून घेतल्या, म्हणजे ती विद्या काही हातांत तरी राहिली. हे काम पैशावाचून होत नाही आणि पैसा चित्रांवाचून येत नाही. निधी गोळा करण्याचं काम केलेला माझा एक मित्र मला म्हणाला, "तुझा लेख वाचून बोटीत डिझेल पडत नाही. सूर्यास्त पाहून पडतं." मी निरुत्तर झालो. अजूनही थोडा आहेच.

पण सूर्यास्ताची किंमतही कुणीतरी मोजतं. हे दूरचं नाही. २०२०मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नर्मदेच्या फुगलेल्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत बालकांपर्यंत जाणाऱ्या अंगणवाडी सेविकेचं छायाचित्र देशभर गाजलं. कौतुक रास्तच होतं. पण त्या पाण्याखाली धरणानं कुणाची गावं गेली आणि सेविकेला वल्हं का हाती घ्यावं लागलं, हे प्रश्न त्या कौतुकात बुडाले. धैर्याचं चित्र जितकं देखणं, तितकी व्यवस्थेची जबाबदारी अंधुक होत जाते. असं चित्र पाहून आपण दान देतो, आणि आपलं देणं फिटलं असं समजतो.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. सूर्यास्त खुशाल असू द्या. त्याच्या खाली, माणसाची संमती असेल तर त्याचं नाव लिहा. नाव कुणाच्या मालकीची, तेही लिहा. वीस चित्रांत एक तरी सांध्याचं असू द्या, आणि एक भटभटीचं.

आमच्या वाचनालयातलं ते प्रदर्शन मी पुन्हा मांडणार आहे. 'नदीची लेकरं' हे नाव काढून टाकलं आहे. त्या माणसांना लेकरं म्हणणारा मी कोण? ज्या चित्रांची माहिती मिळाली नाही त्यांच्याखाली फक्त तांडेलांचा प्रश्न लिहीन. ते स्वतः आता नाहीत. असते तर शिडाखाली पहिल्यांदा उभे राहून त्यांनी माझ्याही लिहिण्यात वारा आहे की नुसतं टांगलंय, ते सांगितलं असतं.