तळहातावर मावणारं नॅट

नॅट या लढाऊ विमानाचं एक बहात्तरांश मापातलं मॉडेल नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम बारा सेंटिमीटर भरतं. पंखांचा पल्ला साडेनऊच्याही आत. शेजारी त्याच मापातलं सेबर, म्हणजे नॅटचं पाकिस्तानी प्रतिस्पर्धी विमान, ठेवा: लांबी सुमारे सोळा सेंटिमीटर आणि पल्लाही जवळजवळ तेवढाच. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धाबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. तरी नॅट शत्रूच्या वैमानिकांच्या नजरेत का येत नसे, हे खऱ्या अर्थाने उमगलं ते ही दोन मॉडेलं एका फळीवर ठेवून समोरून पाहिल्यावर. सेबर रुंद जबडा उघडून येतं. नॅटचा एक ठिपका दिसतो आणि त्याला दोन बारीक रेषा.

एक बहात्तरांश हे माप ऐकायला विचित्र वाटतं, पण हिशेब सोपा आहे: सहा फुटांचा माणूस एक इंचाचा होतो. ब्रिटनच्या फ्रॉग कंपनीने १९३६ साली ‘पेंग्विन’ या नावाने प्लास्टिकची किट काढली ती याच मापात, आणि १९५३ मध्ये एअरफिक्सने आपलं पहिलं विमान, म्हणजे स्पिटफायर, बाजारात आणलं तेही याच मापात. माप कायम राहिलं म्हणूनच वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या युद्धांतली विमानं एकमेकांशेजारी खरी ठरतात. इंचभर उंचीचा वैमानिक नॅटजवळ उभा केला, तर विमानाच्या शेपटीचं टोक त्याच्या डोक्यापेक्षा सेंटिमीटरभरच उंच असतं.

हे लहानपण ठरवून आणलेलं होतं. लढाऊ विमानं दर पिढीला जड आणि महाग होत चालली आहेत, हे टेडी पेटर या ब्रिटिश अभियंत्याला खटकत होतं. त्याने हट्टाने ८.७४ मीटर लांबीचं विमान काढलं. १९५५ मध्ये ते उडालं आणि पुढे हिंदुस्तान एअरक्राफ्टने बंगळूरला त्याचं उत्पादन केलं. चांगल्या किटची माझी कसोटी हीच आहे: भाग जुळवता जुळवता विमान घडवणाऱ्याचा विचार हाताला कळला पाहिजे.

या कसोटीवर एअरफिक्सचं नॅट भारतीयाला पुरं पडत नाही. ते सुबक आहे, पण दोन खुर्च्यांचं प्रशिक्षण विमान आहे, ब्रिटनच्या रेड अॅरोज पथकाने १९६५ पासून कवायतींत उडवलेलं. आपल्या हवाई दलाने ती आवृत्ती कधी घेतलीच नाही. तिच्यातून आपलं नॅट काढायचं तर धडातून तेरा मिलिमीटर आणि दोन्ही पंखांतून मिळून आठ मिलिमीटर कमी करावे लागतात, मागची खुर्ची काढून तो खळगा बुजवावा लागतो, आणि पुट्टी भरून पॉलिश पेपरने घासताना धडाची गोलाई बिघडू द्यायची नसते. स्पेशल हॉबी या चेक कंपनीने एका खुर्चीचं नॅट आणि त्याचा भारतीय वारसदार अजित अशी दोन्ही किट काढली, तेव्हा ही कापाकापी टळली.

एका खुर्चीचं नॅट बांधायला घेतलं की पेटरची काटकसर एकेका भागातून दिसू लागते. पंख धडाच्या वरच्या अंगाला बसतात. त्यामुळे चाकं पंखांत न मावता धडातच दुमडावी लागतात, आणि चाकांची झाकणं अर्धवट उघडली की तीच हवेतला ब्रेक होतात. दोन कामांना एकच भाग. तोफा दोन, ३० मिलिमीटरच्या, हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या बाहेरच्या कडेला. मॉडेलमध्ये त्या नळीचं भोक ०.४ मिलिमीटरचं होतं. ते हाताने, बारीक ड्रिलने पाडायचं. हे भोक मध्यावर पडलं तर मॉडेल जिवंत होतं, किंचित सरकलं तर सगळा चेहरा वाकडा दिसतो.

इथे सुरतेत राहण्याचा फायदा आहे. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात हिऱ्याची कड पाहणाऱ्या माणसाकडे असतं तेच दहापट भिंग आणि तोच निमुळता चिमटा मॉडेलच्या कामाला लागतो. त्या भिंगातून पाहिलं की बहुतेक किटांचा एक दोष उघडा पडतो. पत्र्यांच्या जोडांसाठी कोरलेली रेघ ०.१ मिलिमीटर रुंद असली, तर खऱ्या विमानावर ती सात मिलिमीटरची फट होईल! म्हणून त्या रेघांत काळा रंग भरून त्या ठसठशीत करण्याची हल्लीची पद्धत मला पसंत नाही. छायाचित्रात ती उठून दिसते, पण विमान फरशा बसवल्यासारखं होतं. पातळ करड्या रंगाचा एक हात पुरे.

१९६५ ची नॅट चंदेरी होती, आणि चंदेरी रंग काही लपवत नाही. पुट्टीखालचा एखादा ओरखडाही वर येतो. त्यात सुरतेचा पावसाळा. दमट हवेत मारलेल्या लॅकरवर पांढुरकी साय धरते, म्हणून शेवटचा हात दिवाळीनंतरच द्यावा. मग डिकॅल, म्हणजे चिकटवायची छापील चिन्हं. आपल्या हवाई दलाच्या वर्तुळात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. केशरीखाली पांढऱ्या शाईचा थर छापलेला नसेल, तर चंदेरीवर तो रंग मळकट होतो. नाकात वजन घालायला विसरू नये, नाहीतर विमान शेपटीवर बसतं.

मॉडेल कुणाचं करायचं? ३ सप्टेंबर १९६५ ला ट्रेव्हर कीलर यांनी सेबर पाडल्याची नोंद केली, त्या तेविसाव्या स्क्वाड्रनचं करा. किंवा २२ नोव्हेंबर १९७१ ला बोयऱ्याच्या आकाशात लढलेल्या बाविसाव्या स्क्वाड्रनचं. त्या दिवशी दोन पाकिस्तानी वैमानिक पॅराशूटने उतरून आपल्या हाती लागले. किंवा श्रीनगरवर एकाकी झुंजलेल्या निर्मलजित सिंग सेखों यांचं. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं आहे.

मोठ्या मापाचा मोह मात्र धरू नका. एकटं नॅट मोठं केलं की ते कुठल्याही जेट विमानासारखं दिसतं. बहात्तरांशातलंच घ्या, आणि त्याच पैशांच्या हिशेबात एक सेबरही घ्या.