परावटु-न्यूनतेचे मोजमाप : एका पाहणीची मर्यादा

परावटु ग्रंथींचा स्राव दीर्घकाळ अपुरा पडल्याने रुग्णावर पडणारा बोजा किती, हा प्रश्न वैद्यकाइतकाच अर्थशास्त्राचाही आहे. त्याच्या चर्चेत आधारास घेतली जाणारी अमेरिकेतील ‘पॅराडॉक्स’ पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत ३७४ प्रौढ रुग्णांनी इंटरनेटद्वारा उत्तरे दिली. लक्षणे दिवसाकाठी सरासरी १३ तास जाणवतात, असे त्यांतून दिसले. शेकडा ७९ जणांना रुग्णालय वा तातडीचा उपचारकक्ष गाठावा लागला होता आणि शेकडा २० जणांच्या नोकरीच्या स्थितीत व्याधीमुळे बदल झाला होता. रक्तातील कॅल्शियमचा आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला, या समजुतीस तिने धक्का दिला, हे तिचे श्रेय निर्विवाद होय.

परंतु ज्याचे निदान झाले आहे, तोच अशा पाहणीत येऊ शकतो. तिची मापे आपल्याकडे जशीच्या तशी लावू पाहणाऱ्या अभ्यासकाने आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरणाचा परिसर डोळ्यांसमोर आणावा. घोड नदीवरील या जलाशयात मूळ आंबेगाव बुडाले. काठावरील आदिवासी कुटुंबांची गुजराण भात, हिरडा, मासेमारी आणि पाणी ओसरल्यावरची गाळपेर यांवर चालते. येथे ‘नोकरीतील बदल’ हे माप निरुपयोगी आहे. भातलावणीच्या दिवसांत बोटे पेटक्यांनी आखडली, तर नोकरी जात नाही; हंगाम जातो.

याहून गंभीर उणीव निदानापूर्वीच्या काळाची आहे. रक्तातील कॅल्शियम घटल्याने येणारे झटके फेफरे समजले जाणे वैद्यकास अपरिचित नाही. अशा रुग्णास फेनिटॉइनसारखे औषध वर्षानुवर्षे दिल्यास शरीरातील ड जीवनसत्त्वाचा ऱ्हास वाढतो व मूळ उणीव अधिक खोल होते. अकाली मोतीबिंदू हेही याच व्याधीचे फळ असू शकते. मात्र त्याचा खर्च निराळ्या खात्यावर पडतो. चुकीच्या औषधांचा पैसा, पुण्यापर्यंतच्या फेऱ्या, सोबत्याची बुडालेली मजुरी, त्यासाठी काढलेले कर्ज, हे सारे व्याधीला नाव मिळण्याआधीच घडते. म्हणून कोणत्याही कोष्टकात त्याची नोंद होत नाही.

निदानानंतरही कॅल्शियम व सक्रिय ड जीवनसत्त्व बहुधा आयुष्यभर घ्यावे लागते आणि मूत्रपिंडास इजा होऊ नये म्हणून रक्त व लघवी वेळोवेळी तपासावी लागते. संप्रेरकाची उणीव थेट भरून काढणारे ‘पॅलोपेगटेरिपॅराटाइड’ हे नवे औषध युरोपात २०२३ साली व अमेरिकेत २०२४ साली मान्य झाले. त्याची किंमत योग्य की अयोग्य, हे व्याधीच्या बोजाशी तुलना करूनच ठरणार. बोजाच अपुरा मोजला गेला, तर तो निर्णयही सदोष ठरेल.

सबब आपल्याकडील पाहणीचा आरंभ रुग्णयादीपासून नव्हे, लक्षणांपासून व्हावा. झटके वा पेटके येणाऱ्यांचे, तसेच मानेवर शस्त्रक्रिया झालेल्यांचे रक्तातील कॅल्शियम तपासावे आणि बुडालेले दिवस हंगामाच्या हिशेबाने मोजावेत. ज्याची गणना झाली नाही, त्याचा खर्च शून्य धरणे हे शास्त्र नव्हे.