चूक यंत्राची की यादीची?

शालिनी कांतय्या यांचा ‘कोडेड बायस’ (2020) हा माहितीपट आपल्या विद्यार्थ्यांनी पाहावाच. संशोधक जॉय बुओलाम्विनी यांचा काळा चेहरा संगणकाला दिसत नाही. पांढरा मुखवटा चढवला की दिसतो! (आपल्याला हे नवे नाही.) लंडनमध्ये कॅमेऱ्यांनी टिपलेले चेहरे क्षणात पोलिसांच्या यादीशी ताडले जातात, चुकीच्या जुळणीमुळे 14 वर्षांच्या कृष्णवर्णीय शाळकरी मुलाला भर रस्त्यात अडवले जाते.

पण माहितीपटाचा भर चुकीवर आहे. उद्या यंत्र बिनचूक झाले, तर प्रश्न मिटला? आपल्याकडे 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली फासेपारध्याला हजेरीत बरोबर ओळखले, तरी अन्याय होताच. यादीत अख्खी जमातच होती. लंडनची यादी कोण करतो, हा प्रश्न दिग्दर्शिकेने आणखी लावून धरायला हवा होता.