हिटलरचे स. न. वि. वि.

‘सत्यघटनेवर आधारित’ अशी पाटी पडद्यावर आली की आमचे अण्णा पाठ ताठ करून बसतात. यापुढे जे दिसेल ते पंचनाम्याइतकं खरं, अशी त्यांची खात्री असते. वास्तविक सगळी गोम त्या ‘आधारित’मध्ये असते. दोडक्याचा वेल कुंपणावर आधारित असतो, म्हणून कुंपणाला दोडके लागत नाहीत. पण हे अण्णांना सांगणार कोण? चाळीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाचा छापील अक्षरावर गाढ विश्वास असतो.

पनवेल हे मुळात गाडी बदलण्याचं गाव. पुण्याकडे, गोव्याकडे जाणारा माणूस इथं उतरतो, चहा पितो, ‘अजून आली नाही का?’ असं तीनदा विचारतो आणि जातो. जे कायमचे मागे राहिले त्यांच्याकडे वेळ भरपूर. त्यामुळे वडाळे तलावाच्या काठी संध्याकाळी जगातल्या कुठल्याही विषयाचा निकाल लागतो. सध्या आमच्यात ‘द इमिटेशन गेम’ या २०१४ सालच्या इंग्रजी चित्रपटाचं बंड माजलं आहे. नानांनी तो घरच्या टीव्हीवर पाच वेळा पाहिला. नाना टेलिफोन खात्यातले. तारायंत्र, संदेश, गुप्त लिपी हे सगळं ते स्वतःच्या खात्यातलंच समजतात. अण्णांनी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा शेवटी चष्मा पुसला.

चित्रपट ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञावर आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य आपले संदेश ‘एनिग्मा’ नावाच्या यंत्रातून पाठवायचं. दिसायला टाइपरायटर, पण एक कळ दाबावी तर भलत्याच अक्षराचा दिवा लागायचा आणि तीच कळ पुन्हा दाबली तर तिसऱ्याच अक्षराचा. यंत्राची मांडणी रोज बदलायची आणि शक्य मांडण्या १५९ वर अठरा शून्यं इतक्या. लंडनच्या वायव्येला ब्लेचली पार्क नावाच्या हवेलीत बसून या लोकांनी ती लिपी फोडली. बेनेडिक्ट कंबरबॅच (अण्णा ‘कंबरपट्टा’ म्हणतात) ट्युरिंग झाला आहे आणि काम उत्तम करतो. नजर चुकवत बोलणं, मध्येच अडखळणं, बोलून झाल्यावर आपण काय बोललो याचा अंदाज घेणं. त्या नटाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याला जे बोलायला आणि करायला लावलं आहे त्याबद्दल.

अण्णांचा आवडता प्रसंग म्हणजे गुत्त्यातला. यंत्र तयार आहे, महिनोन्‌महिने घरघरतं आहे, उत्तर काही येत नाही. एका संध्याकाळी एक मुलगी सहज बोलून जाते, की मी ज्याचे संदेश टिपते तो जर्मन प्रत्येक वेळी त्याच अक्षरांनी सुरुवात करतो. ट्युरिंग ग्लास टाकून धावत सुटतो. हवामानाचा अहवाल आणि ‘हाइल हिटलर’ हे शब्द रोजच येतात, तेवढेच शोधा! यंत्र थांबतं, लिपी फुटते, अण्णा टाळ्या वाजवतात.

आता ही युक्ती काय आहे हे वहिनींना लगेच कळलं. वहिनी म्हणजे नानांची बायको, शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली. “म्हणजे आपलं स. न. वि. वि. च की हो, भावजी,” त्या मला म्हणाल्या. अगदी बरोबर. आपल्या पिढीचं कुठलंही पत्र घ्या. वर ‘श्री’, खाली ‘तीर्थरूप’, मग ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, ‘इकडील सर्व क्षेम’, शेवटी ‘लोभ असावा’. मधला मजकूर दोन ओळींचा, आणि तोही बहुधा पैसे पाठवण्याबद्दल. हे पत्र कितीही गुप्त लिपीत लिहिलं तरी सुरुवातीला काय असणार हे शत्रूला आधीच ठाऊक! त्यात एनिग्माची एक खोड अशी की कुठलंही अक्षर स्वतःचं रूप घेऊन बाहेर पडत नसे. तेव्हा ‘स. न. वि. वि.’ त्या गूढ ओळीखाली सरकवत न्यायचं. जिथं वरचं आणि खालचं अक्षर एकच आलं ती जागा बाद.

पण वहिनींनी पुढे विचारलं, “हे त्या गणितज्ञाला इतक्या उशिरा सुचलं?” नाही सुचलं उशिरा. ‘बॉम्ब’ नावाचं ते यंत्र मुळात याच तत्त्वावर रचलं होतं. अशा ओळखीच्या शब्दांशिवाय ते चालवायचं कशावर? पहिलं यंत्र मार्च १९४० मध्ये बसवलं, त्याचं नाव ‘व्हिक्टरी’. चित्रपटात त्याला ट्युरिंगच्या बालमित्राचं, ‘ख्रिस्तोफर’ असं नाव दिलं आहे. तो मित्र खरा होता आणि १९३० साली क्षयानं गेलाही खरा. यंत्राचं बारसं मात्र पटकथाकारानं केलं. पटकथेला ऑस्कर मिळालं.

एकट्यानं केलेलं काम आपल्याला फार आवडतं. खरं म्हणजे पोलंडच्या रेयेव्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३२ च्या अखेरीस एनिग्मात शिरकाव केला होता आणि जुलै १९३९ मध्ये आपलं सारं ज्ञान इंग्रज-फ्रेंचांच्या हवाली केलं होतं. चित्रपटात पोलंडच्या वाट्याला एखाद-दुसरं वाक्य आलं आहे. गॉर्डन वेल्चमन या गणितज्ञानं ‘बॉम्ब’मध्ये एक सुधारणा केली आणि त्याचा वेग कितीतरी वाढवला; तो चित्रपटात नाहीच. युद्ध संपेपर्यंत अशी दोनशेच्या वर यंत्रं झाली आणि ब्लेचलीच्या पसाऱ्यात नऊ-दहा हजार माणसं राबत होती, त्यांतल्या बहुसंख्य बायका. पडद्यावर मात्र एका खोलीत पाच-सहा जण आणि एक यंत्र. गणेशोत्सवाची मंडळंसुद्धा याहून मोठी असतात.

चर्चिलला लिहिलेल्या पत्राची तर कमाल केली आहे. चित्रपटात ट्युरिंग एकटाच पत्र लिहितो आणि साऱ्यांचा साहेब होऊन बसतो. खरं पत्र २१ ऑक्टोबर १९४१ चं, त्यावर सह्या चौघांच्या, आणि मागणी कसली? कारकून आणि टंकलेखक कमी पडतात, माणसं द्या! हे ऐकल्यावर अण्णांसारखा चित्रपटाचा कट्टर भक्तही क्षणभर हलला. जगाचं भवितव्य कारकुनांअभावी अडलं होतं ही गोष्ट बँकेच्या माणसाला जितकी पटेल तितकी कुणाला पटणार? चर्चिलनं त्यावर ‘आजच्या आज’ असा शेरा मारला. असा शेरा आपल्या अर्जावर पडावा म्हणून अण्णांची हयात गेली.

जोन क्लार्कचंही तसंच. चित्रपटात ती शब्दकोड्याच्या परीक्षेतून निवडली जाते. प्रत्यक्षात केंब्रिजला तिला शिकवलेल्या वेल्चमननंच तिला तिथं आणलं. गणितात पहिल्या वर्गाची, पण बाईमाणूस म्हणून पगार कारकुनाचा. पगार वाढवायला बायकांसाठी योग्य जागाच नाही, म्हणून तिला ‘भाषातज्ज्ञ’ केलं. मग ती फॉर्म भरताना लिहायची – हुद्दा: भाषातज्ज्ञ, अवगत भाषा: एकही नाही. हा प्रसंग हाताशी असताना शब्दकोडी कशाला घालावीत?

इथवर ‘सिनेमा म्हणजे सिनेमा’ हे नानांचं म्हणणं मी ऐकून घेतो. पण चित्रपटात केर्नक्रॉस हा रशियाचा हेर ट्युरिंगच्या खोलीतच बसतो. ट्युरिंगला ते कळतं आणि ‘तुझं गुपित फोडीन’ या धमकीला भिऊन तो गप्प राहतो. केर्नक्रॉस हेर होता, ब्लेचलीतही होता. पण दुसऱ्या विभागात. ट्युरिंगबरोबर त्यानं काम केलं नाही. म्हणजे ज्या माणसाचा गौरव करायला निघालात, त्याच्याच माथी देशद्रोह्याला पाठीशी घातल्याचा आळ! आणि डेनिस्टन हा वरिष्ठ, ज्यानं युद्धाआधीच ट्युरिंगला हेरून ठेवलं, तो इथं यंत्र बंद पाडायला निघालेला खलनायक. का, तर चित्रपटाला एक वाईट साहेब हवा.

“पण त्याला शिक्षा झाली ती कशाबद्दल?” वहिनींनी विचारलं.

तळ्याकाठी एकदम शांतता. नाना पाण्याकडे बघू लागले. अण्णा म्हणाले, “ते जाऊ द्या हो. त्याचं काम मोठं होतं.” ट्युरिंगचं पुरुषांवर प्रेम होतं, हे वाक्य आमच्या कट्ट्यावर पाच वेळा चित्रपट पाहूनही कुणी उच्चारलं नव्हतं. चित्रपटही तसा भिडस्तच. मोठ्या वयातल्या ट्युरिंगचं कुणावर प्रेम दिसतच नाही. दिसतात ती शाळकरी वयातली पत्रं आणि एक यंत्र.

मी वहिनींना सांगितलं. जानेवारी १९५२ मध्ये ट्युरिंगच्या मँचेस्टरजवळच्या घरी चोरी झाली. चित्रपटात तो पोलिसांना हाकलून देतो, म्हणून पोलिसाला तो हेर वाटतो. प्रत्यक्षात तक्रार त्यानं स्वतः केली, आणि चौकशीत आपला एका तरुणाशी संबंध असल्याचं सरळ सांगून टाकलं. देशाची गुपितं मरेपर्यंत जपणाऱ्या माणसाला स्वतःबद्दल खोटं बोलणं जमलं नाही! कोर्टानं तुरुंग टाळण्यासाठी स्त्री-संप्रेरकांचा उपचार पुढे केला, तो वर्षभर चालला. ७ जून १९५४ रोजी, एक्केचाळिसाव्या वर्षी, सायनाइडनं त्याचा मृत्यू झाला. अण्णा ज्यावर चष्मा पुसतात तो थरथरत्या हातांचा, ‘ख्रिस्तोफर’ला नेतील या भीतीचा प्रसंग रचलेला आहे. खरा ट्युरिंग त्या काळातही प्राण्यांच्या अंगावर ठिपके नि पट्टे कसे उमटतात याचं गणित मांडत होता. त्याला रडवा करून आपली सोय झाली, इतकंच.

राणीनं त्याला माफी दिली २४ डिसेंबर २०१३ रोजी. त्याच महिन्याच्या ११ तारखेला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं इंग्रजांनी घालून दिलेलं ३७७ कलम पुन्हा लागू केलं होतं. ते सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं हटलं ६ सप्टेंबर २०१८ ला. म्हणजे हा चित्रपट आपल्याकडे लागला तेव्हा थिएटरात ट्युरिंगसाठी डोळे टिपणाऱ्या प्रेक्षकांत जर कुणी ट्युरिंग असेल, तर बाहेर पडताना तो कायद्यानं गुन्हेगारच होता.

“माझ्या वर्गातही एखादा असेल की,” वहिनी हळूच म्हणाल्या. “तीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही.” यावर आमच्यातलं कुणी काही बोललं नाही.

मग नानांनीच विषय बदलावा म्हणून विचारलं, की चित्रपटात नसलेलं असं आणखी काय आहे. मी सांगितलं, की जर्मन येतील या भीतीनं ट्युरिंगनं चांदीच्या दोन लगडी रानात पुरल्या, जागेची खूण सांकेतिक लिपीत लिहून ठेवली, आणि युद्धानंतर खणायला गेला तर त्याला त्या सापडल्याच नाहीत.

“सापडल्या नाहीत?” वहिनी हसल्या. “हे दाखवायला हवं होतं.”

अण्णांनी खिशातून पेन काढलं. दोन लगडींचं वजन किती होतं हे ते मला विचारू लागले. आजच्या भावानं हिशेब करायला.