अकरावा श्लोक आणि जटक्याचा घोडा

आमच्या आईला मनाचे श्लोक दोनशे पाचही पाठ होते आणि आम्हां भावंडांना ते तिन्हीसांजेला, परवचा झाल्यावर, रोज दहा-दहा करून म्हणावे लागत. भुजंगप्रयात हे वृत्तच असे आहे, की एकदा चाल लागली म्हणजे अर्थ मागे राहिला तरी जीभ पुढे जात राहते. बारा अक्षरांची ओळ, चार 'य' गण, पाऊल टाकावे तसा ठेका. रामदासी मंडळी हे श्लोक म्हणत दारोदार भिक्षा मागत, असे परंपरा सांगते. ते खरेच असावे, कारण हे चालता चालता म्हणायचे काव्य आहे. त्याचा तोटा एवढाच झाला, की वयाच्या साठीपर्यंत मीही ते नुसते चालताना म्हटले. थांबून वाचले नाहीत.

थांबावे लागले ते हे गेल्यावर. चार महिने अंथरुणावर होते, श्रावणात सुटले. त्यानंतरच्या बारा दिवसांत समाचाराला येणाऱ्यांपैकी निदान चौघांनी मला अकरावा श्लोक ऐकवला. म्हणजे त्याचा अर्धा भाग. या जगात सर्वस्वी सुखी कोण आहे, तूच शोधून पाहा, असे समर्थ मनाला विचारतात, तेवढाच. ऐकणाऱ्याला त्यात थोडा आधार असतो, कारण आपण एकटे नाही एवढे तरी त्यातून कळते. मात्र एका वडीलधाऱ्या नातलगांनी तो श्लोक पुरा केला. पुढच्या अर्ध्या भागात पूर्वसंचिताची गोष्ट आहे. ते तूच केलेस, त्यासारखे भोगणे तुला आले. म्हणजे यांच्या चार महिन्यांच्या वेदनांचा हिशेब यांच्याच, नाहीतर माझ्या, खात्यावर! मी काही बोलले नाही. चहाचे आधण ठेवायला आत गेले.

त्या रात्री पोथी काढली आणि दहापासून सतरापर्यंतचे श्लोक, चाल न लावता, गद्यासारखे वाचले. चाळीस वर्षे मुलांना मराठी शिकवलेल्या बाईने हे आधी करायला हवे होते, हे कबूल करते.

तशा वाचनात जे दिसले ते असे. दहाव्यात देहाचे दुःख सुख मानावे म्हणून सांगितले आहे. अकराव्यात प्रश्न विचारून लगेच कर्माचे उत्तर दिले आहे. बाराव्यात शोक नको, चिंता नको, अशी ताकीद आहे. दहाव्यात आणि बाराव्यात 'विवेके' हा शब्द आहे, आणि तोच खरा कळीचा आहे. पण विवेक कसा करावा हे तिथे सांगितलेले नाही, करावा एवढेच सांगितले आहे. तापाने फणफणलेल्या माणसाला ताप उतरव म्हणावे तसे हे वाटते. तेराव्यात रावण येतो, त्याचे राज्य बुडते, पण शेवटी वासना सोडण्याची आज्ञा आहेच.

यानंतर मात्र चमत्कार होतो. चौदा, पंधरा आणि सोळा या तीन श्लोकांत एकही आज्ञा नाही. समर्थ नुसते दाखवतात. थोर थोर गेले. जिवंत आहेत तोवर सगळे मी मी म्हणतात. एक मरतो, त्याचा शोक दुसरा वाहतो, आणि तो दुसराही अवचित पुढे निघून जातो. सोळाव्याचा हा पूर्वार्ध वाचताना मला पहिल्यांदा रडू आले आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच बरे वाटले. माझ्या मते दोनशे पाच श्लोकांतला सांत्वनाचा उच्चबिंदू हा आहे. मनाला 'असे वाग' म्हणण्याऐवजी 'हे बघ' म्हटले, की मन आपोआप शहाणे होते. पुढच्याच, सतराव्या श्लोकात समर्थ पुन्हा कर्मावर येतात, आणि वियोगाने खेद करणाऱ्याला 'मतिमंद' म्हणून मोकळे होतात. वैराग्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. तेराव्या दिवशीच्या बाईला तो शब्द लागतो.

आता शेजारच्या अक्कांविषयी. त्या तुमकूरकडच्या, यजमानांच्या नोकरीमुळे बेळगावात आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांच्या उशाशी 'मंकुतिम्मन कग्ग' असते, हे मला कित्येक वर्षे माहीत होते. शाळेत शिकलेले कन्नड मला बसची पाटी वाचण्यापुरते उरले होते, म्हणून त्या पुस्तकाला कधी हात लावला नव्हता. महिनाभराने अक्का ते घेऊन आल्या आणि माझ्यापाशी बसून त्यांनी एकच कडवे वाचून दाखवले.

डी. व्ही. गुंडप्पा (१८८७–१९७५), कानडी लोकांचे डीव्हीजी, मुळबागलचे. पत्रकार, विचारवंत. आपल्या नामदार गोखल्यांवर त्यांची एवढी भक्ती, की बंगळुरात त्यांनी गोखल्यांच्या नावाने संस्था उभी केली. १९४३ साली आलेल्या या 'कग्गा'त चार ओळींची ९४५ कडवी आहेत. 'कग्ग' म्हणजे वेडीवाकडी बडबड. 'मंकु' म्हणजे मठ्ठ. जवळजवळ प्रत्येक कडव्याच्या शेवटी कवी या मठ्ठ तिम्म्याला हाक मारतो, आणि वाचता वाचता लक्षात येते, की हा तिम्मा दुसरातिसरा कोणी नसून कवी स्वतःच आहे. समर्थांच्या मतिमंदापुढे हा मंकु ठेवून पाहा. एकाने तो शब्द शोक करणाऱ्याला लावला, दुसऱ्याने स्वतःला लावून घेतला. माझ्या मते दोन्ही ग्रंथांतला सगळा फरक इथे आहे.

अक्कांनी वाचले ते जटक्याचे कडवे. आयुष्य म्हणजे जटका, घोडागाडी. दैव तिचा साहेब. तू घोडा. उतारू कोण बसवायचे ते तो ठरवणार, लग्नाला की मसणात ते तो सांगणार, तू पळायचे. पाय घसरला तर खाली जमीन आहेच.

"साहेब म्हणजे हापिसातला नव्हे हं, बाई," अक्का म्हणाल्या. "आमच्याकडं जटकेवाल्या मुसलमानाला साहेब म्हणत होते."

हे ऐकल्यावर चित्रच बदलले. दैव म्हणजे खुर्चीतला अधिकारी नव्हे. तोही त्याच गाडीवर बसलेला, ऊनपाऊस खाणारा, भाड्यासाठी हिंडणारा माणूस. आणि त्या शेवटच्या जमिनीत केवढा दिलासा आहे! पडशील, पण जमिनीच्या खाली पडणार नाहीस. इथे खात्यावर काही मांडलेले नाही. तू घोडा का झालास, हा प्रश्नच कवी विचारत नाही.

याचा अर्थ 'कग्ग' सरस आणि मनाचे श्लोक उणे, असा कोणी काढू नये. ९४५ कडवी फार झाली. एकच विचार कपडे बदलून पुन्हा पुन्हा येतो, भाषा जुन्या कन्नड वळणाची, अक्कांनाही अधूनमधून कोश लागतो. शिवाय नुसते घोडा होऊन पळत राहिले तर चांगले वागायचे कशासाठी, ही शंका जटक्याच्या कडव्यात सुटत नाही. ती डीव्हीजी इतरत्र सोडवतात. डोंगराच्या पायथ्याचे गवत हो, दीनदुबळ्यांना गूळसाखर हो, असे सांगणारे त्यांचे दुसरे कडवे कर्नाटकात घरोघर माहीत आहे. समर्थांपाशी जी शिस्त आहे, रोज उठून मनाला हाक मारण्याची, ती मात्र 'कग्गा'त नाही. त्या हाकेने पहिले वर्ष मला पहाटे अंथरुणातून उठवले. जटका उठवत नाही, तो दिवसभर चालवतो.

दुःखानंतर मला तिसऱ्या जातीची पुस्तकेही भेट मिळाली, सुखी मनाचे मार्ग सांगणारी. नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचे १९५२ सालचे सकारात्मक विचारांवरचे अमेरिकन पुस्तक बहुधा या सगळ्यांचे आजोबा. त्यांत मन म्हणजे दिव्याचे बटण असते, दाबले की उजेड. दोन वाचली, बाकीची वाचनालयाला दिली. समर्थ आणि डीव्हीजी दोघांनाही मन हे बटण नसून जनावर आहे, हे पक्के ठाऊक होते. एकाने त्याला समजावले, दुसऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

हल्ली आमची अदलाबदल चालते. मी अक्कांकडून दिवसाला एक कडवे घेते, त्या माझ्याकडून एक श्लोक. परवा त्या दुसऱ्याच श्लोकावर अडल्या. समर्थ मनाला 'सज्जना' म्हणतात, हे त्यांना काही केल्या पटेना.

"माझं मन कसलं सज्जन, बाई?" त्या म्हणाल्या. "ते मंकुतिम्मच की!"