दोन कोटी माणसं आणि एक फ्रँक

सर्व्हर कोसळला की आमच्याकडे नंतर एक अहवाल लिहितात. काय बिघडलं, केव्हा कळलं, कुणी काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. त्यात एक ओळ असते : बाधित ग्राहक किती. तिथे फक्त आकडा.

किम स्टॅनली रॉबिन्सनची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ (२०२०) वाचताना मला सारखा तो अहवाल आठवत होता. सुरुवात होते उत्तर प्रदेशातल्या एका गावात. हवा इतकी दमट आणि तापलेली की घाम वाळत नाही, अंग थंड होतच नाही. वीज जाते. लोक तळ्यात उतरतात, तर पाणीही तापलेलं. त्या उष्णतेच्या लाटेत दोन कोटी माणसं मरतात. गावातून जिवंत उरतो तो फ्रँक मे, मदतकार्यासाठी आलेला अमेरिकन.

तरीही ही आशेची कादंबरी आहे. ती आशा मला पटली, कारण ती कंटाळवाणी आहे. इथे कुणी एक यंत्र शोधून जग वाचवत नाही. झुरिचमध्ये मेरी मर्फी मीटिंगांमागून मीटिंगा घेते. कार्बन हवेत न सोडणाऱ्याला त्याबदल्यात चलन मिळावं, म्हणून मध्यवर्ती बँकांच्या मागे लागते. तिकडे अंटार्क्टिकात हिमनद्यांची घसरण मंदावावी म्हणून त्यांच्या तळाचं पाणी उपसलं जातं. मोठी सिस्टीम अशीच दुरुस्त होते : चालू ठेवून, तुकड्यातुकड्यानं.

खटकलं ते वेगळंच. लाटेनंतर भारत जगाची परवानगी न घेता आकाशात गंधकाची फवारणी करतो. देश म्हणून भारत धीट दाखवलाय. पण त्या रात्रीची धग, अपराधी भावना, नंतरची वर्षानुवर्षांची तडफड फ्रँकच्या वाट्याला येते. त्या गावातलं कुणी मला पुस्तक मिटल्यावर नावानिशी आठवलं नाही. आपण तिथे ‘बाधित ग्राहक’च.

यात रॉबिन्सनचा दोष किती? विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बाळाला ओल्या फडक्यानं पुसणारी बाई त्यानं कुठून आणावी? ती आपल्या भाषेतून यायला हवी. आणि नुसती मरायला नाही, तर पाणी, वीज, सावली कुणाला किती, हा हिशेब बदलून दाखवायला.

तोवर हे पुस्तक जरूर वाचा. फक्त पहिलं प्रकरण रात्री झोपण्याआधी नको.