फडाची धनीण : विठाबाई नारायणगावकर यांच्या चरित्रकथनाविषयी

लावणीचा अभ्यास कवीपासून सुरू होतो आणि बहुधा कवीपाशीच थांबतो. उत्तर पेशवाईत, पुण्याच्या कसबा पेठेलगत उभ्या असलेल्या शनिवारवाड्याच्या आश्रयाने ही रचना बहरली. रामजोशी, होनाजी यांची नावे राहिली. ज्यांच्या पावलांनी ती रंगली त्यांची नोंद अभावानेच झाली. पुढे पवळा हिवरगावकर तमाशाच्या बोर्डावर उभी राहिली, तरी आजही ती पठ्ठे बापूरावांच्या चरित्रातले एक प्रकरण म्हणूनच वाचली जाते.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या बाबतीत कवीची जागा एका कथेने घेतली आहे. खेळ चालू असता कळा आल्या, पडद्यामागे मूल झाले, दगडाने नाळ तोडून बाई पुन्हा बोर्डावर आल्या. या कथेतील दाहकता कोणी नाकारणार नाही. तथापि सांगणारे तिला सोशिकपणाचा दाखला करून मोकळे होतात, आणि विठाबाईंच्या कलेचे व कर्तृत्वाचे विवेचन तेथेच संपते. ही करुणा अभ्यासाला सोयीची आहे, इतकेच.

वस्तुतः भाऊ आणि बापू या बंधूंच्या फडात वाढलेल्या विठाबाईंनी पुढे स्वतःच्या नावाचा फड चालविला. ढोलकीचा फड म्हणजे केवळ नाच नव्हे. गण, गौळण, बतावणी, वग असा रात्रभराचा क्रम. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झीलकऱ्यांचा मेळ. कलावंतांना द्यावयाची उचल, गावोगावच्या सुपाऱ्या, तंबू, कनात, मालमोटारी. पाऊस पडला तरी बिऱ्हाडाचे पोट. बहुसंख्य पुरुषांचा हा संसार एका मातंग स्त्रीने हाकला, आणि जातीचे नाव न पुसता फलकावर लिहून हाकला. समीक्षेने थांबावयाचे स्थळ हे आहे.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. ब्लांश कॅलोवे या कृष्णवर्णीय गायिका-नर्तिकेने १९३१ च्या सुमारास अमेरिकेत पुरुष वादकांचा स्विंग वाद्यवृंद स्वतःच्या नावाने उभा केला. १९३६ साली मिसिसिपीत पेट्रोलपंपावरील स्वच्छतागृह वापरल्यावरून तिला अटक झाली, त्याच वेळी एका सहकाऱ्याने वृंदाचे पैसे पळविले. १९३८ मध्ये वृंद मोडला. एवढे असून ती ओळखली जाते कॅब कॅलोवेची बहीण म्हणून! वास्तविक धाकट्या भावाने बहिणीच्या सादरीकरणातून पुष्कळ उचलले होते. तेथे भाऊ, येथे प्रसूती. नायिकेच्या धनीपणावर पडदा मात्र सारखाच.

विठाबाईंची अखेर हलाखीत झाली. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार देते, आणि कन्या मंगला बनसोडे यांनीही स्वतःचा फड उभा केला. आईकडून लेकीकडे आले ते नृत्य किती आणि फड चालविण्याची विद्या किती, हा प्रश्न चरित्रकारांनी अद्याप नीट विचारलेला नाही. त्याचे उत्तर नारायणगावच्या राहुट्यांत, सुपारीच्या वह्यांत आणि ढोलकीवाल्यांच्या आठवणींत शोधावे लागेल.